हद्द आणि कडा

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते, आणि ते विभक्त होताना जी वैनगंगा बऱ्याच अंतरापर्यंत त्यांची सरहद्द ठरली तिच्या दोन्ही अंगांना आजही तोच साग, तोच बांबू, तोच मोह आणि तोच तेंदू उभा आहे. एकाचे क्षेत्र ११,४४३ चौरस किलोमीटर, दुसऱ्याचे १४,४१२. आणि दोहोंचा मिळून नकाशा काढावयास जो बसेल त्याला एक प्रश्न टाळता येत नाही, तो असा की, येथले अरण्य संपते कोठे? सरकारी दफ्तरात या प्रश्नाचे उत्तर रेषेने दिलेले असते. रानात गेलेल्या माणसाला ती रेषा सीमास्तंभाच्या दगडाखेरीज कोठेच आढळत नाही.

माझ्या परिचयाच्या एका घरात हा प्रश्न अलीकडे वादाचा विषय झाला. काका भूमि अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले, साखळी आणि प्लेन टेबल यांच्या जमान्यात उमेदवारी केलेले. पुतणी चंद्रपुरातच राहून पुस्तकांची चित्रे, माहितीफलक आणि शाळांच्या भिंतींवरचे तक्ते संगणकावर तयार करणारी. एका वाचनालयासाठी दोन्ही जिल्ह्यांतील वनांचा भिंतीवरचा नकाशा, एकास अडीच लाख या प्रमाणात, तिने काढावयास घेतला होता आणि त्याची कच्ची प्रत वडीलधाऱ्यांच्या नजरेखालून जावी म्हणून काकांपुढे ठेवली होती. त्या प्रतीत जंगलाच्या हिरव्या रंगाला कडा अशी नव्हतीच. तो रंग कागदात हळूहळू विरून गेला होता. त्यावरून जे बोलणे झाले त्यातील विषयांतरे वगळून बाकीचे येथे देत आहे.

काका : हा हिरवा रंग कडेला फिकट होत होत नाहीसा झाला आहे. छापताना शाई कमी पडली, की हे तू बुद्ध्या केलेस?

पुतणी : बुद्ध्याच केले, काका. चंद्रपूरहून पद्मापूरवरून मोहर्लीकडे निघालो की जंगल नेमके कोणत्या ठिकाणी लागले हे मला आजवर सांगता आलेले नाही. आधी कोळशाच्या खाणी, मग पळसाची झुडपे, मग शेतांमध्ये राखलेले मोह, आणि मग केव्हा तरी दोन्ही अंगांनी साग आणि बांबू. जे डोळ्यांना असे क्रमाक्रमाने दिसते त्याच्याभोवती काळी रेघ ओढणे मला खोटे वाटते.

काका : जंगल कसे आहे हे सांगणे चित्राचे काम असेल, ते कोणाचे आहे हे सांगणे नकाशाचे काम. माझ्या उभ्या नोकरीत माझ्यापुढे मोजणीचा अर्ज घेऊन आलेल्या एकाही खातेदाराने, माझ्या धुऱ्याजवळ जंगलाची घनता किती, असे विचारले नाही. तो विचारी की धुऱ्यावरचा मोह माझा की सरकारचा. त्या माणसाला मी असे सांगावयाचे काय, की बाबा, तुझा मोह थोडा तुझा आणि थोडा सरकारचा, जसजसा पूर्वेकडे जाशील तसतसा अधिकाधिक सरकारचा? हद्द म्हणजे होय किंवा नाही. ज्या नकाशातून होय किंवा नाही निघत नाही तो मिसलीला लावता येत नाही.

पुतणी : मिसलीला लावण्यासाठी हा नकाशा नाहीच. तो वाचनालयाच्या भिंतीसाठी आहे. शिवाय तुमचे होय आणि नाही देखील कोणी तरी ठरवलेलेच असते. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून वनांचे तीन वर्ग पाडते : झाडांच्या छत्राने झाकलेला भाग शेकडा ७० किंवा अधिक असला तर अतिघन, ४० ते ७० असला तर मध्यम घन, १० ते ४० असला तर विरळ, आणि दहाच्या खाली झुडपी. ४१ टक्के आणि ३९ टक्के यांत झाडांना काही अंतर कळते असे तुम्हांला वाटते? रानात उतार आहे. अहवालात पायऱ्या आहेत. मी तो उतार परत आणला, इतकेच.

काका : पायऱ्या कृत्रिम आहेत हे मलाही कबूल आहे, पण त्यांचा कर्ता माहीत आहे. कोणी, कोणत्या हुकमाने आणि कोणत्या तारखेस त्या घातल्या हे अहवालात लिहिलेले असते आणि म्हणून त्यांच्याविरुद्ध तक्रार करता येते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभाक्षेत्र ६२५.८२ चौरस किलोमीटर आणि बफर १,१०१.७७ चौरस किलोमीटर, असे दोन दशांश स्थळांपर्यंत सांगितलेले आहे. या आकड्यांवर कोणी हरकत घेतली तर उत्तर देणारा अधिकारी आहे. तुझ्या या धुक्यावर हरकत घेतली तर उत्तर कोण देणार? संगणक?

पुतणी : मी देईन. पण हे धुके कसे तयार होते ते आधी पाहा, म्हणजे हरकत कशावर घ्यावयाची ते तुम्हांला कळेल. हे इंकस्केप, चित्रे बिंदूंच्या जाळीवर न साठवता रेषांच्या गणितात साठवणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी एक, आणि फुकट मिळणारे. ही ताडोबाची आकृती. ती मी प्रथम ठोस कडेचीच काढली. तिच्या बाह्यरेषेवर हे बारीक ठिपके दिसतात ते नोड, आणि प्रत्येक नोड मी अधिसूचनेच्या नकाशावरून बसवला आहे. आता उजवीकडच्या चौकटीत ‘ब्लर’ नावाची ही पट्टी मी ओढते. कडा विरली. आता नोडचे साधन पुन्हा उचलून आकृतीवर टिचकी मारते. पाहा, धुक्याच्या आत तीच बाह्यरेषा, त्याच नोडांसह, जागच्या जागी. पट्टी शून्यावर आणली की रेषा होती तशी स्वच्छ.

काका : म्हणजे रेषा तू पुसलेली नाहीस?

पुतणी : नाही. फाइलीत आकृती निराळी नोंदलेली आहे आणि तिला लावलेला फिल्टर निराळा. मृदू कडा हा तिच्या दिसण्याचा गुण आहे. तिच्या भूमितीत फरक पडत नाही. आता गणित. पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूला रंग देताना हा फिल्टर त्या बिंदूच्या आसपासच्या सगळ्या बिंदूंच्या रंगांची सरासरी काढतो. मात्र जवळच्या बिंदूंना अधिक वजन आणि दूरच्यांना कमी. ते वजन घंटेच्या आकाराच्या एका वक्ररेषेने ठरते. म्हणून त्याचे नाव गाउसियन ब्लर.

काका : गाउस! अगं, ती वक्ररेषा तर आमच्या धंद्यातली. एकच अंतर दहा वेळा मोजले तर दहा निराळे आकडे येतात, आणि ते आकडे खऱ्या अंतराभोवती त्याच घंटेच्या आकारात गोळा होतात. गाउसने १८०९ साली लघुतम वर्गांची रीत ग्रंथात मांडली ती मोजणीतल्या चुका वाटून देण्यासाठी. आणि पुढे १८२० नंतरच्या वर्षांत हा थोर गणिती स्वतः हॅनोव्हरच्या राज्याची त्रिकोणमापणी करीत दुर्बिणी घेऊन टेकड्या हिंडला. त्याच सुमारास आपल्याकडे कर्नल लॅम्बटन मद्रासेकडून त्रिकोणांची साखळी वर आणीत होता. १८२३ मध्ये तो वाटेतच वारला, आणि त्याची कबर आहे येथून जवळच, वरोऱ्याच्या पुढे, हिंगणघाटला. या माणसांनी आयुष्ये खर्ची घातली ती संशय आवरण्यासाठी. त्यांचेच हत्यार घेऊन तू तो पसरवते आहेस.

पुतणी : आवरला म्हणता तो पुरता आवरला गेला होता काय? चुका वाटून दिल्यावरही काही शिल्लक राहत असेल.

काका : राहते. आणि चांगला मोजणीदार ती शिल्लक लपवीत नाही. तिचा आकडा लिहून ठेवतो.

पुतणी : मग माझे म्हणणे एवढेच आहे की, तुम्ही जे समासात आकड्याने लिहिता ते मी नकाशाच्या अंगावर रंगाने लिहिते.

काका : रंगाने लिहिलेले मोजता आले पाहिजे. आता मी विचारतो त्याची उत्तरे दे. तुझा रंग विरल्यावर मूळ हद्द त्या उतारावर कोठे राहिली?

पुतणी : सरळ कडेवर बरोबर मध्यावर. तेथे रंगाची गडदता निम्मी होते. अर्धे धुके आत आणि अर्धे बाहेर.

काका : आणि कोपऱ्यावर?

पुतणी : तेथे नाही. काटकोनी कोपऱ्याच्या टोकाला गडदता निम्मी न राहता पाव होते, कारण त्या बिंदूच्या चारी अंगांपैकी एकच अंग आकृतीच्या आत असते. म्हणून कोपरे गोलावतात आणि डोळ्याला आत सरकल्यासारखे भासतात.

काका : म्हणजे सीमास्तंभ, जो नेहमी कोपऱ्यावरच असतो आणि ज्याच्यावर सगळ्या मोजणीची भिस्त असते, तोच तुझ्या नकाशात पहिल्याने ढळला! बरे, पुढे. दोन जंगलांना जोडणारी अरुंद पट्टी असते, जिच्यातून वाघ एका रानातून दुसऱ्या रानात जातो. तिचे काय होते?

पुतणी : हा तुमचा आक्षेप खरा आहे आणि गंभीरही. माझ्या ब्लरचे मानक विचलन कागदावर १ मिलिमीटर आहे, म्हणजे या प्रमाणात जमिनीवर २५० मीटर. ५०० मीटर रुंदीची पट्टी असेल तर तिच्या ऐन मध्यावरही गडदता शेकडा ६८ च उरते; २५० मीटरांची असेल तर शेकडा ३८. शेते, रस्ते आणि खाणी यांच्या मधून जो चिंचोळा मार्ग जनावरांनी राखला आहे, आणि ज्याच्यासाठी नकाशा काढण्याचे अगत्य सर्वांत जास्त, तो मार्गच ब्लर पहिल्याने खातो. म्हणून असे मार्ग मी निराळ्या लेयरवर घेतले आहेत आणि त्यांना फिल्टर लावलेला नाही.

काका : हे तुला कोणी शिकवले?

पुतणी : कोणी नाही, पहिल्या प्रतीत ते मार्ग दिसेनासे झाले तेव्हा हिशेब करून पाहिला. असे खाचखळगे आणखीही आहेत. इंकस्केपमधली ब्लरची पट्टी शेकडेवारीत असते, आणि ते शेकडे आकृतीच्या स्वतःच्या आकारमानावर धरलेले असतात. ताडोबाला पाच टक्के आणि गावालगतच्या एका राखीव तुकड्याला पाच टक्के, असे सारखे लावले, तर दहापट मोठ्या आकृतीची कडा दहापट रुंद विरते. आकडा एक आणि अर्थ दोन. हे टाळण्यासाठी पट्टीला हात न लावता फिल्टरच्या खिडकीत जाऊन मानक विचलनाचा आकडा सगळ्या आकृतींना एकच द्यावा लागतो. पुष्कळ नकाशे सुंदर दिसतात आणि खोटे असतात ते याच ठिकाणी.

काका : शेकड्याचा हा घोटाळा आमच्याकडेही असे. आणेवारी ठरवताना किती आणे हे सगळे विचारीत. कशाचे आणे हे थोडेच विचारीत.

पुतणी : आणखी एक गंमत तुम्हांला आवडेल. या धुक्यालाही हद्द असते. ज्या आयतात फिल्टर चालावयाचा तो आयत फाइलीत नोंदलेला असतो. काही सांगितले नाही तर आकृतीच्या चारी बाजूंस शेकडा दहा इतकीच जागा जादा धरली जाते. ब्लर त्याहून रुंद झाला की विरत आलेला रंग मध्येच सुरीने कापल्यासारखा सरळ रेघेत तुटतो.

काका : शाबास! निदान यंत्राला तरी सरहद्दीची चाड आहे. पण मला सांग, एवढा उपद्व्याप कशासाठी? पूर्वी फलक रंगवणारे लोक कडेला रंग पातळ करीत असत ते काही गाउसला विचारून नव्हे.

पुतणी : हातातल्या कुंचल्याला जे सहज जमते ते रेषेच्या गणिताला जमत नसे. आपल्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानांत कोरलड्रॉवर काम करणारी जुनी मंडळी आत एक गडद आकृती आणि बाहेर तीच थोडी मोठी करून फिकट, अशा दोन आकृती घेत आणि मध्ये ‘ब्लेंड’ने पन्नास-शंभर पायऱ्या भरीत. लांबून ती कडा मऊ दिसे. जवळून पाहिले तर झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या रेघा मोजता येत. ग्रेडियंट होता, पण तो एक सरळ जातो किंवा वर्तुळात पसरतो. सूर्याचे बिंब त्याने काढावे. भामरागडच्या डोंगरांची वेडीवाकडी कडा त्याच्याने होत नाही. गुंतागुंतीच्या आकृतीची कडा तिच्या वळणांबरोबर विरवणे इंकस्केपमध्ये सोपे झाले ते २००७ सालच्या आवृत्तीत हा ब्लर आला तेव्हापासून. आणि छापताना तो पुन्हा बिंदूंच्या जाळीत उतरतो; पीडीएफ करताना किती बारीक जाळी हवी ते आपण सांगावयाचे असते. ते विसरले तर पडद्यावरचे मखमल भिंतीवर गोणपाट होऊन येते.

काका : म्हणजे अखेर छापखान्यात तुझी मृदू कडा शाईच्या ठिपक्यांचीच, आणि प्रत्येक ठिपक्याला कडा आहे, ती कठोर. असो. आता मुद्द्याची गोष्ट. मेंढा-लेखा तुला माहीत आहे?

पुतणी : धानोरा तालुक्यातले. न माहीत असून कसे चालेल?

काका : २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दाखला देशात पहिल्याने ज्या गावांना मिळाला त्यांत हे गाव, साल २००९, क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर. दाखला मिळाला तरी बांबू तोडून बाहेर नेण्याचा परवाना द्यावयाचा कोणी, यावर पुढे दोन वर्षे वनखात्याशी तंटा चालला. आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती गेले. आता विचार कर. त्या गावाची ताकद कशात होती? लोकांच्या एकीत होती, हे खरेच. पण त्यांच्याजवळ एक चतुःसीमा होती, कंपार्टमेंटच्या क्रमांकांसह लिहिलेली. हा बांबू आमच्या हद्दीतला, असे त्यांना बोट ठेवून सांगता आले. त्या दाखल्याच्या नकाशात तुझे धुके असते तर हुज्जतीचा पहिला प्रश्न हाच निघाला असता की, हे बेट धुक्याच्या आतले की बाहेरचे? दुबळ्याला रेषा लागते, बेटा. संदिग्ध हद्दीचा फायदा नेहमी बळकटाला होतो.

पुतणी : या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि मला ते शोधावयाचेही नाही, दाखल्यावर रेषाच पाहिजे. पण ती रेषा आली कोठून तेही पाहू. वनहक्काच्या नियमांनी पुराव्यात काय धरले? निस्तार पत्रक, म्हणजे गावकऱ्यांच्या जंगल-वापराच्या वहिवाटीची नोंद, आणि तसले दस्तऐवज तर धरलेच; पण त्यांच्याबरोबर वडीलधाऱ्यांचे जबाब, जुने देवस्थान, दहनभूमी, पाणवठा हेही धरले. गुरे कोठवर जात, मोह कोठवर वेचत, बांबूला कोठवर जात, या वहिवाटीतून ती चतुःसीमा निघाली. वहिवाट शेवटच्या झाडाशी येऊन थांबत नाही. ती विरळ होत जाते. आणि शेजारच्या गावाची वहिवाट पलीकडून अशीच विरळ होत येते. दोन गावांच्या परंपरागत सीमांवर तंटा निघाला तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसावे, असे नियमच सांगतात. कायद्यालाही ठाऊक आहे की तेथे एक पट्टा दोघांचा आहे.

काका : तो पट्टा तुझ्या नकाशात कसा येतो?

पुतणी : सहज काढला तर वाईट येतो. लगतच्या दोन आकृती विरवल्या की समाईक हद्दीवर प्रत्येकीचा रंग निम्मा. निम्म्यावर निम्मा पडून कागद शेकडा ७५ झाकला जातो. उरलेल्या पावात पांढरा कागद दिसतो, आणि दोन गावांच्या मधून एक फिकट शिवण जाते. पाहणाऱ्याला वाटेल की येथे कोणाचेच काही नाही, आणि खरे तर तेथे दोघांचेही आहे. म्हणून दोन्ही आकृतींच्या खाली जंगलाचा एक अखंड, न विरवलेला थर घालावा लागतो आणि गावांचे रंग त्याच्यावर विरवावे लागतात.

काका : हे मात्र मला पटले. जुन्या मालगुजारी गावांच्या वाजिब-उल-अर्जात जे रिवाज लिहून ठेवले आहेत त्यांचा पिंड असाच असतो. खाली सगळ्यांचा निस्तार, त्याच्यावर ज्याचा त्याचा हक्क. पण तोच निस्तार पुढे धुक्यात कसा सापडला ते सांगतो. १९५१ मध्ये मालगुजाऱ्या गेल्या, पडीत आणि झाडझुडपांच्या जमिनी सरकारकडे आल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदल्या गेल्या. महसूल खात्याने त्यांना जमीन मानले, वनखात्याने जंगल. त्यांवर घरे झाली, शाळा झाल्या, रस्ते झाले. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात वनाची व्याख्या रुंद केली, आणि पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतील ८६,४०९ हेक्टर जमीन अधांतरी लोंबकळली. अखेर २२ मे २०२५ ला त्याच न्यायालयाने ती वनजमीनच ठरवली आणि १९९६ पूर्वीच्या वाटपांच्या नियमितीकरणाची वाट निराळी करून दिली. एका धूसर नोंदीपायी माणसांच्या पिढ्या गेल्या.

पुतणी : काका, हाच दाखला मी माझ्या बाजूने दिला असता. झुडपी जमीन खरोखरच मधली आहे. तिच्यावर गुरे चरतात, तिच्यात ससे आणि मोर राहतात, तिच्यात सागही नाही आणि धानही नाही. नोंद धूसर म्हणून लोक भरडले गेले असे तुम्ही म्हणता. मी म्हणते, दफ्तरात फक्त दोन रकाने होते आणि तिसऱ्या प्रकारच्या जमिनीला त्यांतल्या एकात कोंबण्यासाठी इतकी वर्षे ओढाताण झाली, म्हणून.

काका : तिसरा रकाना काढ, माझी ना नाही, पण त्यालाही चारी बाजूंनी रेघ पाहिजे.

यानंतर दोघांनी नकाशा खिडकीजवळ नेऊन उजेडात पाहिला, आणि काकांचे लक्ष वैनगंगेकडे गेले. पुतणीने नदीचे दोन्ही काठ स्वच्छ निळ्या रेषेने काढले होते, आणि जंगलाचा रंग पाण्यावर येऊ नये म्हणून तो नदीच्या काठाशी क्लिप करून ठेवला होता.

काका : येथे मात्र तू रेषा काढलीस!

पुतणी : सरहद्द आहे ना. आणि पाणी जेथे संपते तेथे संपते.

काका : कोण म्हणतो? साऱ्या नकाशात धुके घालावयास योग्य अशी एकच जागा असेल तर ती ही. वैनगंगेचे पात्र पावसाळ्यात कोठवर जाते आणि वैशाखात वाळूतून कोठवर आक्रसते ते तू पाहिले आहेस. पुढे वर्धा मिळून ती प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि त्या साऱ्या वाटेवर नदी एका काठचे खाते आणि दुसऱ्या काठाला घालते. मळईची जमीन आणि वाहून गेलेली जमीन यांसाठी १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात तरतुदी कराव्या लागल्या त्या उगाच नव्हेत. आम्ही काठावर दगड रोवीत नसू. रोवला तर पुढच्या पुरात जातो. जंगलाची हद्द माणसांनी ठरवली, म्हणून ती रेषेने काढ. नदीची हद्द पाणी ठरवते, ती विरव.

पुतणी : म्हणजे मी जेथे मऊ केले तेथे तुम्हांला कठोर हवे, आणि जेथे कठोर केले तेथे मऊ.

काका : जेथे ज्याचा अधिकार आहे तेथे त्याची रीत, एवढेच माझे म्हणणे.

पुतणी : मग आता मी एक विचारू? या नकाशावर तुमची कायदेशीर हद्द मी अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेने काढली असे समजा. एकास अडीच लाख या प्रमाणात अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर किती?

काका : सव्वाशे मीटर.

पुतणी : सव्वाशे मीटरांत तुमच्या खातेदाराचा धुरा, त्याच्यावरचा मोह, त्याचे घर आणि गोठा, सगळे येऊन वर जागा उरते. ती रेघ होय की नाही हे सांगत नाही; सांगितल्यासारखे करते. माझ्या धुक्याला रुंदी आहे हे पाहणाऱ्याला दिसते तरी. तुमच्या रेषेला रुंदी आहे हे कोणाला कळतच नाही.

यावर काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग, मोठ्या प्रमाणावरच्या मोजणी नकाशात ती रुंदी नगण्य होते आणि हक्काचा निवाडा त्याच नकाशावरून व्हावयाचा असतो, हे त्यांनी सांगितले, आणि ते बरोबरच होते. परंतु भिंतीवरच्या नकाशापुरता पुतणीचा मुद्दा त्यांनी खोडून काढला नाही. उलट, खात्यात मसुदे दुरुस्त करण्याची सवय असलेल्या माणसाच्या तत्परतेने त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यातील सूचीसाठी मजकूर सांगावयास सुरुवात केली, आणि पुतणीने तो टंकित केला : वनक्षेत्राचा रंग हद्दीच्या सुमारे ५०० मीटर आतपासून सुमारे ५०० मीटर बाहेरपर्यंत विरत जातो, सर्व क्षेत्रांस हे मान एकच आहे, अधिसूचित हद्द स्वतंत्र रेषेने दाखवली आहे, त्या रेषेची जाडी जमिनीवर १२५ मीटर आहे, हक्काच्या प्रश्नासाठी हा नकाशा ग्राह्य धरू नये. नदीचे काठ विरवण्यात आले. झुडपी जंगलावर मात्र एकमत झाले नाही : पुतणीने त्यासाठी बाह्यरेषेवाचून नुसत्या ठिपक्यांची खूण ठेवली, आणि काकांनी त्या खुणेला आपली संमती नाही असे स्पष्ट सांगितले.

मला स्वतःला या वादात पुतणीची बाजू कलेच्या दृष्टीने आणि काकांची व्यवहाराच्या दृष्टीने खरी, असा सोयीचा निवाडा देता येईना. व्यवहारात फसवणारी रेषा आणि कलेतही अप्रामाणिक असलेले धुके, ही दोन्ही मी पाहिली आहेत. रंग विरवणे सोपे आहे, पट्टी ओढली की झाले. रेघ मारणे त्याहून सोपे आहे. आणि दोन्ही बाबतींत जे काम टाळले जाते ते एकच, आपल्या अज्ञानाची रुंदी मोजून ती मीटरांत लिहिण्याचे. गाउसची वक्ररेषा मोजणीदाराच्या वहीत आणि चित्रकाराच्या फिल्टरमध्ये एकच काम करू शकते, परंतु तिचे मानक विचलन जाहीर केले तरच. ज्या नकाशाच्या कोपऱ्यात रेषेची जाडी आणि धुक्याची रुंदी दोन्ही छापलेल्या आहेत त्याच्याशी ग्रामसभेला, वनखात्याला आणि एकट्या खातेदारालाही वाद घालता येतो. ज्यात यांपैकी काहीच छापलेले नाही त्याच्यावर नुसता विश्वास ठेवावा लागतो, आणि जंगल-जमिनीच्या बाबतीत तसा विश्वास ठेवून या दोन जिल्ह्यांतील माणसांनी पुष्कळ सोसले आहे.